चवथीला मूळ घरी: दीड-दोन वर्षांच्या मुलाला विमानाने गोव्यात आणताना

चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, गोव्यातल्या मूळ घरी येणाऱ्यांची बहुतेक काळजी विमानाची असते. मूल रडलं तर, कान दुखले तर, शेजारचा वैतागला तर. खरं तर मुंबई-गोवा हवेत तासभरही नसतं. मुलाला जड जातं ते त्यानंतरचं: चाळीस माणसांचं घर, ओळखीचा एकही चेहरा नाही, दुपारी तीनला जेवण, रात्री दहाला आरती. म्हणून तिकीट काढण्यापासून परतीच्या डब्यापर्यंत एकच गोष्ट धरून चालायची, ती म्हणजे मुलाची दुपारची झोप. ती टिकली तर बाकीचं बरंचसं आपोआप जमतं. ती मोडली तर कितीही खेळणी आणा, संध्याकाळी आरतीच्या वेळी मूल पाय आपटत बसणार.

कुठल्या दिवशी, कुठल्या वेळी

२०२५ साली चवथ २७ ऑगस्टला होती. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आल्यामुळे ती १४ सप्टेंबरवर गेली आहे. बुकिंग करताना मागच्या वर्षीच्या तारखेवर अंदाज बांधू नका, कॅलेंडर उघडून बघा. चवथीच्या आदल्या दिवशी, म्हणजे तयेच्या दिवशी येणं सगळ्यात वाईट. घरात माटोळी (गणपतीच्या वर टांगायची फळाफुलांची चौकट) बांधायची धावपळ, स्वयंपाकघरात नेवऱ्यांचा (करंज्यांचा) घाणा, आणि तुम्ही दमलेल्या मुलाला घेऊन झोपायची जागा शोधताय. दोन रात्री आधी पोचा. मुलाला नव्या घराची, नव्या माणसांची सवय व्हायला साधारण दोन झोपा लागतात.

वेळ निवडताना आधी प्रवास किती तासांचा ते बघा. मुंबई, पुणे, बंगळूर, हैदराबाद हे सव्वा-दीड तासाचे प्रवास. यात दुपारच्या झोपेची वेळ येता कामा नये. विमान वर गेलं, मूल झोपलं, आणि पंचवीस मिनिटांत घोषणा, दिवे, पट्टे, कान. अशी वीस-पंचवीस मिनिटांची झोप मोडली की मूल पुन्हा झोपत नाही आणि ताजंतवानंही राहत नाही. सकाळी आठ-साडेआठचं विमान घ्या. मूल ताजं असतं, दहाच्या सुमारास उतरता, आणि खरी झोप गाडीत किंवा घरी पोचून लागते. दिल्ली अडीच तासांच्या वर, दुबई तीन-सव्वातीन तास. इथे उलट करा. दुपारी साडेबाराच्या आसपास सुटणारं विमान घ्या आणि झोप हवेतच होऊ द्या.

आखातातून रात्री निघून पहाटे चारला पोचणारी विमानं बरीच लोकं घेतात, भाडं कमी म्हणून. मूल झोपतं हे खरं, पण आईबाप झोपत नाहीत. दुसरा दिवस पूर्ण मोकळा असेल तरच हे परवडतं. दुबई-मस्कतचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे असल्याने मूल इथे रात्री साडेनऊ-दहापर्यंत टक्क जागं राहतं आणि सकाळी उशिरा उठतं. चवथीच्या दिवसांत हे सोयीचंच आहे, मुद्दाम बदलायला जाऊ नका. लंडनहून येणाऱ्यांना मात्र साडेचार तासांचा फरक असतो. तो रोज तासाभराने सरकतो, तेव्हा चार-पाच दिवस हातात ठेवून या.

दाबोळी की मोपा

गोव्यात आता दोन विमानतळ आहेत. मोप्याच्या मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळावरून ५ जानेवारी २०२३ पासून विमानं उडतात. तिकिटावर दाबोळीचा कोड जीओआय आणि मोप्याचा जीओएक्स. दोन्हीकडे नुसतं 'गोवा' लिहिलेलं असतं आणि माणसं चुकतात. न्यायला येणारे काका दाबोळीला आणि तुम्ही मोप्याला, असं झालं तर मूल घेऊन दीड-दोन तास विमानतळावर. काकांना फोनवर 'गोव्याला उतरतोय' सांगू नका, 'मोप्याला' किंवा 'दाबोळीला' असं नाव घेऊन सांगा.

घर पेडणे, म्हापसा, डिचोली, सत्तरी या बाजूला असेल तर मोपा. मडगाव, केपे, सांगे, काणकोण असेल तर दाबोळी. मोप्याहून पणजी साधारण ३५ किलोमीटर, मडगाव ६५ च्या पुढे, काणकोण शंभराच्या आसपास. फोंड्याच्या लोकांना दोन्ही चालतात, पण दाबोळी जवळ. भाड्यात हजार रुपये वाचले म्हणून काणकोणच्या माणसाने मोप्याचं तिकीट काढलं तर ते हजार टॅक्सीत जातात, आणि मुलाची झोप जाते ती वेगळीच. दाबोळी नौदलाचा तळ आहे. तिथे धावपट्टीवर, बसमधून, शिडीवरून फोटो काढायला मनाई आहे. बाळाचा पहिला विमान-फोटो आधीच्या विमानतळावर काढून घ्या.

टॅक्सीत मुलांचं कारसीट मिळत नाही, ते गृहीत धरून चला. मोटार वाहन कायद्याच्या १९४ ब कलमाप्रमाणे चौदा वर्षांखालचं मूल पट्ट्यात किंवा मुलांच्या सीटमध्ये नसेल तर हजार रुपये दंड आहे. दंड बाजूला ठेवा, पण पावसातल्या गोव्याच्या रस्त्यावर मांडीवरचं मूल ब्रेक लागल्यावर हातात राहत नाही. स्वतःचं कारसीट चेक-इनमध्ये आणा. बऱ्याच विमान कंपन्या ते फुकट नेतात, तरी बुकिंग करतानाच विचारून घ्या. एखाद्या आतेभावाकडे असेल तर तो ते घेऊन न्यायला येईल का, हेही आधी विचारायचं.

तिकीट आणि कागद

दोन वर्षं पूर्ण होईपर्यंत मूल मांडीवर बसून जातं. त्याचं शुल्क वेगळं भरावं लागतं, आणि एका मोठ्या माणसामागे एकच मूल. वय बुकिंगच्या दिवशीचं नाही, उडण्याच्या दिवशीचं धरतात. जाताना तेवीस महिने आणि परतीच्या तारखेला दोन पूर्ण झालेली असली तर परतीला स्वतंत्र सीट घ्यावी लागते. हे विसरून परतताना काउंटरवर मिळेल त्या भावात तिकीट घ्यावं लागतं, आणि चवथीनंतरच्या रविवारी तो भाव कसला असतो ते सांगायला नको. मुलाचं नाव मूळ बुकिंगमध्येच घाला, मागाहून जोडताना अडचण येते.

वयाचा पुरावा म्हणून जन्मदाखला, पासपोर्ट, आधार किंवा लसीकरणाचं कार्ड बरोबर ठेवा. फोनमधला फोटो चालेलच असं नाही, एक कागद हातात असू द्या. परदेशातून येत असाल तर मुलाचा स्वतःचा पासपोर्ट लागतोच, आणि एकच पालक येत असेल तर दुसऱ्याचं संमतिपत्र बरोबर ठेवलेलं बरं. मुलाचा पासपोर्ट पोर्तुगीज असेल तर त्याला व्हिसा किंवा ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांचं कार्ड) लागतो. आईबापाकडे आहे म्हणून मुलाला चालत नाही. चवथीच्या महिन्यात अर्ज टाकून ओसीआय वेळेत येण्याची आशा धरू नका.

सीट कुठली? मांडीवर मूल असेल तर आपत्कालीन दरवाजाच्या रांगेत बसता येत नाही. तीन-तीन सीटच्या विमानांत बऱ्याच वेळा एका बाजूच्या तीन सीटांवर चारच ऑक्सिजन मास्क असतात, म्हणून एका रांगेत एकाच बाजूला दोन मांडीवरची मुलं बसवत नाहीत. जाऊबाईचंही बाळ बरोबर असेल तर शेजारी-शेजारी सीट घेण्याचा हट्ट सोडा, मागे-पुढे घ्या. मूल खिडकीकडे ठेवा. पाय पसरायला बरं म्हणून कडेची सीट घेतात, पण मुलाचा हात सरळ चहाच्या ट्रॉलीच्या वाटेत येतो. क्रू मुलासाठी छोटा पट्टा देतो, तो तुमच्या पट्ट्यात अडकतो. तुमचाच पट्टा मुलाभोवती आवळून घेऊ नका, धक्का बसल्यावर तो मुलाच्या पोटात रुततो.

छोट्या एटीआर विमानाने येत असाल तर दोन-दोनची रांग, मागच्या दारातून चढणं, वरचे कप्पे लहान. पंखे पुढच्या भागात असल्याने मागच्या सीटांवर आवाज कमी असतो, मुलाला तिथेच घ्या. आखातातून येणाऱ्या, मधे एकच वाट असलेल्या विमानांत बाळाचा पाळणा सहसा नसतो. तो लांब पल्ल्याच्या मोठ्या विमानांत असतो, आणि तिथेही साधारण दहा किलोपर्यंतच. दीड वर्षाचं मूल त्यात मावत नाही.

हातातली पिशवी

पाठीवरची एकच पिशवी घ्या, दोन हात मोकळे हवेत. हिशेब तासांवर करा: घरातून निघाल्यापासून घरी पोचेपर्यंतचे तास मोजा आणि त्यात सहा तास मिळवा. ऑगस्ट-सप्टेंबरात जोराचा पाऊस आला की गोव्याची विमानं वर घिरट्या घालतात, कधी मुंबई, बंगळूर किंवा हैदराबादला वळवली जातात. तिथे विमानातच दोन-तीन तास बसून राहावं लागतं आणि खाली दुकान नसतं.

दर दोन तासांना एक डायपर धरा. सहा तासांचा प्रवास अधिक सहा म्हणजे सहा डायपर. कपड्यांचे दोन जोड, प्रत्येक जोड वेगळ्या झिपच्या पिशवीत. भरलेला जोड त्याच पिशवीत परत जातो. आणि मुलाबरोबर स्वतःसाठी एक टीशर्ट. ओकारी मुलाच्या अंगावर कमी आणि तुमच्याच अंगावर जास्त होते, हे लोक दरवेळी विसरतात.

पावडरचं दूध देत असाल तर अर्ध्या लिटरच्या थर्मासमध्ये उकळलेलं पाणी, आणि पावडर एकेका बाटलीच्या मापाने वेगळ्या डब्यांत. विमानातलं गरम पाणी फार कढत असतं आणि हवं तेव्हा मिळेलच असं नाही. बाळाचं दूध, अन्न आणि औषध सुरक्षा तपासणीत प्रवासापुरतं नेऊ देतात. तपासणारे वेगळं काढून दाखवायला सांगतात, कधी एक घोट तुम्हाला प्यायला लावतात. पिशवीच्या तळाशी ठेवू नका.

खायला कोरडं, चुरा न होणारं आणि घशात न अडकणारं. नाचणीचे छोटे डोसे, केळं, मऊ उकडलेलं गाजर, इडलीचे तुकडे. फुटाणे, शेंगदाणे, काजू, अखंड द्राक्षं, पॉपकॉर्न हे चार वर्षांखाली देऊ नका. विमान हललं, मूल हसलं, दाणा श्वासनळीत. केळ्यावर एक सूचना: ते गाडीत पिशवीत चेंगरतं, डब्यात ठेवा.

खेळणी तीनच, त्यातलं एक मुलाने कधी न पाहिलेलं. चिकटणारे स्टिकर आणि एक रिकामी वही अर्धा तास खाते. आवाज करणारं, चाकांचं आणि गोल गडगडणारं काही आणू नका. ते सीटखाली जातं आणि तुम्ही पट्टा लावून बसलेले असता.

पॉवरबँक हातातल्या पिशवीत, चेक-इनमध्ये कधीच नाही. देवासाठी म्हणून कापूर किंवा काडेपेटी आणू नका, दोन्ही ज्वलनशील म्हणून नेऊ देत नाहीत. गोव्यात कापूर मिळतो.

विमानतळावर

देशांतर्गत विमानाचं सामान घेणं सुटायच्या तासभर आधी बंद होतं, गेट साधारण २५ मिनिटं आधी. मूल असेल तर दोन तास आधी आत जा. स्ट्रोलर गेटपर्यंत नेता येतो का आणि उतरल्यावर शिडीपाशी मिळणार की पट्ट्यावर, हे टॅग लावतानाच विचारा. तपासणीत मुलाला उचलून घ्यावं लागतं, स्ट्रोलर घडी करून मशीनमध्ये जातो, कापडी झोळी अंगातून काढावी लागते. म्हणून या टप्प्यावर मुलाला झोळीत झोपवून ठेवण्याचा उपयोग नाही. बायकांची तपासणी पडद्याआड होते. मूल आईकडे असेल तर सामान वडिलांनी उचलायचं, हे आधी ठरवा. दोघांनी मूल एकमेकांकडे देत-घेत उभं राहिलं की मागची रांग ओरडते.

मग चालवा, मनसोक्त. मूल जितकं गेटपाशी चालेल तितकं सीटवर बसेल. मुलं असलेल्यांना आधी चढायला बोलावतात, पण सगळ्यांनी आधी चढू नका. एकाने पिशव्या घेऊन आधी जा आणि कप्प्यात जागा धरा. दुसऱ्याने मुलाला घेऊन शेवटी चढा. बंद विमानात उभ्या-उभ्या घालवलेली पंचवीस मिनिटं वाचतात.

कान

दुखतात ते बहुतेक उतरताना. वर जाताना मधल्या कानातली हवा नळीतून सहज बाहेर पडते. खाली येताना बाहेरचा दाब वाढतो आणि हवा आत शिरायला हवी असते, पण मुलाची नळी अरुंद असल्याने ती चिकटून बसते. गिळलं की नळी उघडते. म्हणून उतरायला सुरुवात झाली की काहीतरी गिळायला द्या: अंगावरचं दूध, बाटली, स्ट्रॉने पाणी. उतरणं टेकण्याच्या २५-३० मिनिटं आधी सुरू होतं. मुंबई-गोवा मार्गावर पट्ट्याचा दिवा विझल्यावर जेमतेम वीस मिनिटांत विमान उतरायला लागतं. बाटली तोवर संपवू नका. इंजिनाचा आवाज खाली आला आणि नाक किंचित झुकलं की द्यायची. मूल झोपलेलं असेल तरी या वेळी अर्धवट जागं करून पाजा. झोपेत मूल कमी गिळतं आणि मग दचकून रडत उठतं.

नाक चोंदलेलं असेल तर निघण्याआधी मिठाच्या पाण्याचे थेंब. कान दुखत असेल किंवा ताप असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा, कधी उडू नये हे तेच सांगतील. विमानात झोपावं म्हणून सर्दीचं औषध पाजणं हा जुना सल्ला अजूनही ऐकू येतो. देऊ नका. काही मुलं त्याने झोपण्याऐवजी उलट चवताळतात, आणि दोन वर्षांखाली ते धोक्याचंही असू शकतं.

घरी पोचल्यावर पहिला तास

दारात आजी, काकू, वहिनी उभ्या असतात आणि पहिला हात मुलाकडे येतो. नऊ महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत अनोळखी हातात जाताना मूल रडतं, तो त्याचा स्वभाव नसून वय आहे. मुलाला हातोहात फिरवू नका. तुम्ही वसरीवर (ओसरीवर) खाली बसा, मूल मांडीत, आणि आजीलाही खाली बसू द्या. मूल आपण होऊन पाच-दहा मिनिटांत सरकतं. 'आजी, थोडा वेळ तुमच्याकडे बघू दे त्याला, मग येईल' एवढं म्हटलं तर कुणाला वाईट वाटत नाही.

त्याच तासात घर बघून घ्या, मुलाच्या उंचीवरून. विहिरीला कठडा आहे का, आणि कठड्याला टेकून कुणी पाट किंवा कळशी ठेवली आहे का, जिच्यावर चढता येईल. न्हाणीतलं भाण तर सगळ्यात आधी. तांब्याचं, चुलीवर तापणारं, बाहेरून शांत दिसतं आणि आत उकळतं पाणी असतं. न्हाणीचं दार बाहेरून कडी लावलेलं हवं. बादलीत पाणी घेताना आधी गार, मग गरम. उलट क्रमाने घेतलं आणि मधेच मूल आलं तर हात भाजतो. समई जमिनीवर असते. देवखोलीच्या उंबरठ्यावर एक आडवा पाट लावा आणि तिथे कुणी ना कुणी बसलेलं असू द्या.

गोव्यातले बरेचसे गावातले बाजार चवथीचे पहिले दोन दिवस बंद असतात, औषधाचं दुकानही. डायपर, ओआरएसची पाकिटं, डॉक्टरांनी वजनाप्रमाणे लिहून दिलेलं तापाचं औषध आणि थर्मामीटर हे तयेच्या आधी घरात हवं. या दिवसांत कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत. रोजचे तीन सुती जोड धरून पाच दिवसांचे पंधरा आणा, इथे धुऊन वापरू हा हिशेब पावसात चालत नाही. मच्छरदाणी आणा, जाडजूड ब्लँकेट नको. तातडीला १०८ ला फोन करा. मोठी इस्पितळं म्हणजे बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज, म्हापसा आणि मडगावची जिल्हा इस्पितळं. मूळ घरापासून यातलं कुठलं जवळ आणि गाडीने किती वेळ, ते आधीच विचारून ठेवा.

माटोळी, आरती, नैवेद्य

मूल खांद्यावर बसवून गणपतीसमोर उभं राहिलं की त्याचं तोंड थेट माटोळीत असतं. जमिनीवरून ती उंच, पण खांद्यावरून हाताच्या टप्प्यात. नारळ, सुपाऱ्या, तोरिंगणं यांच्यामध्ये लाल-केशरी कवंडाळं आणि रानातली रंगीत फळं टांगलेली असतात, चकचकीत, मुलाच्या मुठीएवढी. ती देवाला वाहायची आहेत, खायची नव्हेत. हात पडला की तोडतं, तोडलं की तोंडात. खांद्यावर न घेता कडेवर घ्या, आणि माटोळीच्या काठाखाली न उभं राहता दोन पावलं मागे राहा. खाली गळून पडलेली लहान फळं आणि बिया सकाळ-संध्याकाळ वेचा. रांगणारं मूल ती आधी शोधतं.

घुमट, शामेळ ही चामड्याची वाद्यं आणि कासाळें म्हणजे झांजा, यांची आरती बंद खोलीत कानाला जड जाते. मुलाला पहिल्या आरतीला मागे, दाराजवळ किंवा वसरीत ठेवा. कान झाकणारे मुलांचे मफ मिळतात, ते चांगले. कानात कापूस घालू नका, तो आवाज फारसा अडवत नाही आणि आत राहून जातो. फटाक्यांचा आवाज मात्र अचानक येतो. ते सुरू होण्याआधी खिडक्या बंद करा, आणि सुरू झाल्यावर मूल पाळण्यातून काढून छातीशी घ्या.

आता जेवण. पूजा, आरती, नैवेद्य होऊन पानं पडायला दोन-अडीच वाजतात, कधी तीन. दीड वर्षाचं मूल इतकं थांबत नाही, आणि बाराच्या सुमारास भरवून साडेबाराला झोपवलं तर सगळं सुरळीत. नैवेद्याआधी मुलाला खाऊ घातलं म्हणून कुणी काही म्हणत नाही. फक्त नैवेद्याच्या पातेल्यातलं काढू नका. सकाळी आठलाच चुलीच्या एका बाजूला छोट्या भांड्यात पेज लावा. एक भाग उकडे तांदूळ, आठ भाग पाणी, मऊ शिजेपर्यंत. वर अर्धा चमचा तूप, चिमूट मीठ. दुसऱ्या दिवशी तीच पेज डाळीच्या पाण्याबरोबर.

पातोळी मुलाला चालते, हळदीचं पान काढून, थंड झाल्यावर, बोटाएवढे तुकडे करून. नेवरीची कड मात्र कडक असते, आतलं सारणच द्या. पंचखाद्यात खोबऱ्याचे तुकडे आणि डाळी असतात, ते मोठं होईपर्यंत नको. खतखत्यातल्या (मिश्र भाज्यांच्या कालवणातल्या) सुरण, कंद, मक्याच्या फोडी चिमटीत दाबून बघा, दबत नसतील तर देऊ नका. एक वर्षाखालच्या बाळाला पंचामृताचं बोटसुद्धा नको, त्यात मध असतो. मधातले जंतू तान्ह्या बाळाच्या आतड्यात वाढून गंभीर आजार करू शकतात. तीर्थ म्हणून एखादी आजी बाळाच्या ओठाला बोट लावते, ते प्रेमाने. 'आजी, मध आहे त्यात, वर्ष होईपर्यंत डॉक्टरांनी नाही म्हटलंय' हे दोन दिवस आधीच, माणसं जमण्याआधी सांगून ठेवा. भरल्या पंगतीत सांगितलं की वाद होतो.

गोड सगळेच भरवतात आणि मूल रात्री उठून बसतं. थांबवता येत नाही. एक युक्ती: पानातलं गोड मुलाच्या हाती न देता भरवणाऱ्या वहिनीच्याच हाती चमचा द्या. 'आताच पेज दिलीय, तुम्हीच एक घास भरवा'. वाढदिवसाच्या केकचा तुकडा असतो तसा एक घास होतो आणि संपतं.

घरोघरी आरतीला जाणं रात्री दहा-अकरापर्यंत चालतं. मुलाला सगळ्या घरांत नेऊ नका. पहिलं घर, मग परत. दीड दिवसाच्या गणपतीचं विसर्जन दुसऱ्या दिवशी संध्याकाळी होतं, आणि पाच दिवसांचं पाचव्या दिवशी. नदीच्या, तळ्याच्या पायऱ्या या दिवसांत शेवाळलेल्या असतात. मूल पाण्याच्या काठापासून दूर, कुणाच्या तरी हातात, आणि तो हात मूर्ती उचलणाऱ्यांपैकी कुणाचा नसावा.

परतताना

पाच दिवसांचा गणपती असेल तर सहाव्या दिवशीची गर्दी टाळा, सातव्याला निघा. मधल्या दिवशी मुलाला एकदा पूर्ण झोपू द्या.

बांधून दिलेल्या वस्तू चेक-इनमध्ये नीट गेल्या पाहिजेत. सुकं खोबरं विमानात चालत नाही, त्यातल्या तेलामुळे ते पेट घेतं म्हणून ना हातात ना चेक-इनमध्ये. तूप आणि लोणचं घट्ट झाकणाच्या बाटलीत, झाकणाला चिकटपट्टी, मग दोन पिशव्यांत, मोठ्या बॅगेच्या मधोमध. कुणी फेणीची बाटली दिली तर तीही चेक-इनमध्ये, काचेला कपड्यांचे दोन थर. नेवऱ्या स्टीलच्या उभ्या डब्यात रचून भरा, वर कागद कोंबा म्हणजे हलत नाहीत, आणि झाकण लावण्याआधी पूर्ण गार होऊ द्या. गरम बंद केल्या तर आत वाफ साठते आणि दुसऱ्या दिवशी कड मऊ पडते.